गिऱ्हाईक फोडणाऱ्या एजंटाशी कसे वागावे?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी बरीच वर्षे जागांच्या खरेदी-विक्रीत स्वतंत्र एजंट म्हणून काम करते. अलीकडे आमच्याच भागातल्या एका एजंटाने मला जेरीस आणले आहे. एका मालकाने जागा विकण्याचे काम तीन महिन्यांसाठी फक्त माझ्याकडे सोपवले होते आणि तसा लेखी करार झाला होता. या एजंटाने त्यांना परस्पर फोन करून ‘तुम्ही मागता त्यापेक्षा दहा टक्के जास्त देणारी पार्टी माझ्याकडे तयार आहे’ असे सांगितले. मालकांनी माझा करार मोडला. ती पार्टी काही आली नाही आणि जागा अजून पडून आहे. करार चालू असताना मी काढलेले फोटो त्याने माझे नाव कापून स्वतःच्या जाहिरातीत टाकले होते, तेही कमी किंमत लिहून. दुसऱ्या एका कुटुंबाला मी जागा दाखवली, पण त्यांनी तीच जागा त्याच्यामार्फत घेतली, कारण त्याने आपली निम्मी दलाली त्यांना परत दिली. आता मी टोकनचे पैसे अडकवून ठेवते अशी कुजबुज तो पसरवत आहे. माझा एक सहकारी म्हणतो की जशास तसे वाग; त्याच्या मालकांना फोन कर, त्याच्याकडे खोटी गिऱ्हाइके पाठव, आणि आपण सगळे मिळून त्याच्यावर बहिष्कार टाकू. मला हे पटत नाही, पण नुसते बघत बसणेही परवडत नाही. सचोटीने वागून या धंद्यात टिकता येते का?

उत्तर: नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी नंतर वळते. आधी तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्याविषयी बोलते, कारण त्यावर तुम्ही या आठवड्यातच काहीतरी करून बसाल अशी मला काळजी वाटते. त्याच्या मालकांना फोन करू नका आणि खोटी गिऱ्हाइके मुळीच पाठवू नका. तुमच्या तक्रारीत जे बळ आहे ते त्याने केले तसे तुम्ही काही केलेले नाही, यातूनच आलेले आहे. दोन्हीकडची कृत्ये सारखी दिसू लागली की संघटनेला, मध्यस्थाला किंवा न्यायालयाला त्यात एका बाजूवर झालेला अन्याय दिसत नाही, दोन एजंटांचे भांडण दिसते, आणि ते निस्तरण्यात कोणालाच रस नसतो. शिवाय ज्याच्या घरात तुमचे खोटे गिऱ्हाईक खोल्या पाहत हिंडणार, तो मालक तुमचा कोणी वैरी नाही. त्याने सुट्टीच्या दिवशी घर आवरून ठेवलेले असते आणि पाहुणे गेल्यावर तो आशेने तुमच्या स्पर्धकाच्या फोनची वाट पाहत बसतो. त्या माणसाला फसवून तुम्हाला काय मिळणार?

बहिष्काराची सूचना वरवर सभ्य वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने तीच सर्वांत धोक्याची आहे. ज्याच्याविषयी वाईट अनुभव आला त्याच्याबरोबर काम करायचे नाही, असे एखाद्या एजंटाने स्वतःपुरते ठरवले तर त्यात काही गैर नाही. परंतु दलाली कमी घेणाऱ्याला किंवा परत देणाऱ्याला बाजूला काढायचे असे सर्व एजंटांनी एकत्र बसून ठरवले, तर अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांनुसार तो संगनमताचा गुन्हा ठरू शकतो. दलालीविषयी व्यावसायिकांनी मिळून केलेल्या नियमांकडे न्यायालये किती कठोरपणे पाहू शकतात, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. विक्रेत्याच्या एजंटाने खरेदीदाराच्या एजंटालाही दलाली देऊ करावी, या तिथल्या नियमामुळे दलालीचे दर कृत्रिमपणे चढे राहिले असा आरोप होता. २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील एका ज्युरीने त्यासाठी नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही तिथल्या एजंटांची संघटना आणि काही मोठ्या दलाली कंपन्यांना सुमारे १७८ कोटी डॉलरच्या नुकसानीस जबाबदार धरले, आणि पुढच्या वर्षी संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. तेव्हा बहिष्काराचा विषय बैठकीत निघाला तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि तिथून उठून या.

आता तुमच्या तक्रारी. पत्रात त्या तुम्ही एका दमात सांगितल्या आहेत, पण सगळ्या एका वजनाच्या नाहीत, आणि एक तर माझ्या मते तक्रारच नाही. त्या कुटुंबाला निम्मी दलाली परत मिळाली, यात स्वतःहून अनैतिक असे काही नाही. अमेरिकेतील काही राज्यांत अशी परतफेड करण्यास मनाई आहे, पण जिथे तशी मनाई नाही तिथे आपल्या कमाईतला वाटा उघडपणे सोडून देणे ही निखळ स्पर्धा आहे. ती झोंबते, हे मला कळते. तरीही तिला फसवणुकीच्या रांगेत बसवले, तर ऐकणारा तुमच्या खऱ्या तक्रारीही ‘धंदा गेल्याचा राग’ म्हणून बाजूला सारेल.

अर्थात, तो व्यवहार कोणामुळे झाला हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आपल्या व्यवसायात ‘जागा पहिल्यांदा मी दाखवली, म्हणजे दलाली माझी’ असे गृहीत धरण्याची सवय फार आहे. असे वाद जिथे लवादापुढे जातात तिथे मात्र पाहिले जाते ते कोणाच्या प्रयत्नांची साखळी न तुटता व्यवहारापर्यंत पोहोचली. तुम्ही जागा दाखवली, त्यांच्या शंकांना उत्तरे दिली, कर्जाची चौकशी करून दिली, मालकाशी किमतीची बोलणी चालवली आणि ऐन वेळी दुसऱ्याने सवलत देऊन त्यांना ओढून नेले, असे असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. एकदा जागा दाखवून पुढे तीन आठवडे तुम्ही एक फोनही केला नसेल, तर त्या कुटुंबाने दुसरा माणूस शोधला यात नवल नाही. यांपैकी नेमके काय घडले ते तुमच्या पत्रात नाही, पण तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि दावा करायचा की नाही हे त्यावरच ठरवा. यापुढे प्रत्येक साइट व्हिजिटला एक साधी चिठ्ठी करा. जागा कोणती, तारीख आणि वेळ कोणती, पाहायला कोण कोण आले, दाखवणारा एजंट कोण, आणि खाली पाहणाऱ्याची सही. त्याच संध्याकाळी तिचा फोटो पाहणाऱ्याला आणि मालकाला पाठवून द्या. पुष्कळ एजंट अशी चिठ्ठी मागायला संकोचतात. गिऱ्हाइकाला आपण अविश्वास दाखवतो आहोत असे वाटेल, अशी त्यांना भीती असते. शांतपणे कारण सांगितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि जो आधीपासूनच दोन एजंटांना एकमेकांविरुद्ध खेळवत असतो त्याचीच पेन हातात घेताना चलबिचल होते.

खरा गंभीर प्रकार आहे तो मालकाला केलेल्या फोनचा. त्या फोनवर दोन गोष्टी झाल्या आणि त्या वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात. पहिली म्हणजे, करार अस्तित्वात आहे हे माहीत असूनही तो मोडायला लावणे. लेखी बंधनात असलेल्या माणसाला फितवून ते बंधन मोडायला लावणाऱ्या तिसऱ्या माणसालाही जबाबदार धरता येते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८५३ च्या लमली विरुद्ध गाय या खटल्यात पक्के झाले. एका नाट्यगृहाशी करारबद्ध असलेल्या गायिकेला प्रतिस्पर्ध्याने जास्त पैशांचे आमिष दाखवून आपल्याकडे वळवले, असा तो खटला होता. इंग्रजी परंपरेतल्या अनेक देशांच्या कायद्यांत पुढे ते तत्त्व रुजले. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने १९१३ मध्ये आपल्या सदस्यांसाठी जी आचारसंहिता केली, तिच्या आजच्या रूपातही दुसऱ्या एजंटाच्या एकाधिकार करारात, म्हणजे काम फक्त त्याच्याकडेच सोपवणाऱ्या करारात, ढवळाढवळ करू नये असे स्वतंत्र कलम आहे. मात्र अशा दाव्यात बहुधा सगळे अडते ते एका ठिकाणी: त्या तिसऱ्या माणसाला कराराची कल्पना होती का? ‘मला काय माहीत, मालकाने सांगितलेच नाही’ एवढे म्हणून तो मोकळा होतो. म्हणून पुढच्या वेळी एकाधिकार करार झाला की त्याच दिवशी भागातल्या एजंटांना दोन ओळींचे पत्र किंवा संदेश पाठवा: अमुक जागेचे काम अमुक तारखेपर्यंत फक्त माझ्याकडे आहे, आपल्याकडे गिऱ्हाईक असल्यास माझ्याशी संपर्क साधावा, दलालीची वाटणी अशी राहील. म्हणजे नंतर कोणालाही अज्ञानाची सबब सांगता येणार नाही, आणि प्रामाणिक एजंटांना एकत्र काम करण्याचे निमंत्रणही मिळेल.

दुसरी गोष्ट आहे त्या दहा टक्क्यांची. अस्तित्वात नसलेले गिऱ्हाईक दाखवून काम मिळवायचे आणि मग आठवड्या-आठवड्याला ‘बाजार मंदावला आहे, थोडे खाली या’ म्हणत मालकाला उतरवत न्यायचे, ही जुनी खेळी आहे, आणि तिच्यात सर्वांत मोठे नुकसान तुमचे नसून मालकाचे होते. जाहिरातीत बराच काळ दिसत राहिलेल्या जागेविषयी येणारा प्रत्येक जण ‘इतके दिवस का विकली गेली नाही?’ असे विचारू लागतो, आणि पहिल्या पंधरवड्यात जी किंमत सहज आली असती ती पुढे मागूनही येत नाही. ही खेळी चालते, कारण जास्त आकडा सांगणाऱ्याला आकडा खोटा ठरला तरी काही भोगावे लागत नाही. मालकाला तर तो आकडा खराच हवा असतो.

यावर उपाय मालकाशी पहिल्या बैठकीतच करायचा असतो. करारावर सही होताना त्यांना स्पष्ट सांगा: ‘काही दिवसांतच तुम्हाला फोन येईल आणि जास्त किमतीची पार्टी तयार आहे असे सांगितले जाईल. तेव्हा एवढेच म्हणा, की पार्टी खरी असेल तर तिचा लेखी प्रस्ताव माझ्या एजंटाकडे पाठवा, दलालीतला तुमचा वाटा तुम्हाला मिळेल.’ खरे गिऱ्हाईक असणारा एजंट असा प्रस्ताव पाठवतो, कारण त्यात त्याचे काहीच जात नाही. खोटे बोलणारा फोन ठेवतो. मालकाला हे वाक्य आधीच दिलेले असले की त्या फोनची भूल बरीच ओसरते; नंतर, करार मोडल्यावर, तेच सांगायला गेलात तर ते रडगाणे वाटते.

फोटोंविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते तुम्ही स्वतः काढले असतील तर त्यांवरचा हक्क सर्वसाधारणपणे तुमचाच असतो. छायाचित्रकाराकडून काढून घेतले असतील तर त्याच्याशी झालेले बोलणे कागदावर आणा. मूळ फाइली जपून ठेवा, त्याच्या जाहिरातीची तारखेसह प्रत घ्या आणि जाहिरात ज्या संकेतस्थळावर आली तिथे ती काढून टाकण्याची मागणी करा. चुकीच्या किमतीची तक्रार मात्र मालकांनी स्वतः केली तर जास्त परिणामकारक ठरेल, कारण त्यांची परवानगी न घेता त्यांच्याच जागेचे मोल उतरवून सांगितले गेले होते.

टोकनच्या कुजबुजीला उत्तर देताना मोठ्या गटात खुलासे टाकू नका. ज्यांनी अफवा ऐकलेली नसते त्यांनाही ती त्या खुलाशातून कळते. ज्याने तुमच्या कानावर घातली त्याला विचारा: हे कोणी सांगितले, कोणत्या व्यवहाराविषयी सांगितले, आणि तुम्ही हे लिहून देऊ शकाल का? बहुतेक जण लिहून देणार नाहीत. एखाद्याने दिले, तर बदनामीची नोटीस पाठवायला तुमच्या हातात काहीतरी ठोस येईल. त्याहून महत्त्वाचे, गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळू न देता वेगळ्या खात्यात ठेवा आणि प्रत्येक रकमेची पावती द्या. ब्रिटनच्या १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्याने गिऱ्हाइकाच्या ठेवीसाठी वेगळे खाते ठेवणे बंधनकारक केले आहे. तुमच्याकडे कायदा तसे सांगत असो वा नसो, त्या खात्याचा उतारा दाखवता येणे हे अशा अफवेला पुरेसे उत्तर असते.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे, आणि तो टोचला तर रागावू नका. या धंद्यातला सर्वांत सर्रास चालणारा गैरप्रकार तुमच्या पत्रात आलेलाच नाही, बहुधा त्याविषयी एजंट एकमेकांची तक्रार क्वचितच करतात म्हणून. दुसऱ्या एजंटाचा फोन येतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक असते, आणि आपण म्हणतो, ‘जागा गेली, बुकिंग झाले.’ प्रत्यक्षात जागा गेलेली नसते. दोन्ही बाजूंची दलाली आपल्यालाच मिळावी म्हणून आपले स्वतःचे गिऱ्हाईक येईपर्यंत ती झाकून ठेवलेली असते. मालकाला हे कधीच कळत नाही. फोडाफोडीत निदान मालकाला काय झाले ते नंतर समजते. इथे त्याचे चार-पाच खरेदीदार त्याच्या नकळत परत पाठवले जातात. तुम्ही असे कधी केले आहे की नाही हे मला माहीत नाही आणि मी तसे गृहीतही धरत नाही. पण स्पर्धकाविरुद्ध तक्रार घेऊन उभे राहण्यापूर्वी आपल्या करारात एक अट घाला, की अन्य एजंटांकडून आलेली प्रत्येक चौकशी आणि प्रत्येक प्रस्ताव मालकाला लेखी कळवला जाईल. अशी अट घालणारा एजंट मालकाला दुसऱ्याच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक मोलाचे काहीतरी देत असतो.

हा मोह फक्त वाईट माणसांनाच होतो असे नाही, दलालीच्या रचनेतच तो आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एजंटांनी विकलेली स्वतःची घरे इतरांच्या घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली, असे आढळले. स्वतःचे घर असले की एजंट थांबतो. दुसऱ्याचे असले की त्याला लवकर सौदा उरकावासा वाटतो, कारण किंमत शंभरने वाढली तरी दोन टक्के दलालीत त्याच्या वाट्याला दोनच येतात, आणि त्यासाठी आणखी आठवडाभर धावपळ करावी लागते. हे गणित तुमच्या स्पर्धकाला जितके लागू आहे तितकेच तुम्हालाही आहे.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. सचोटीने टिकता येते, पण ती लवकर फळाला येते असे मी तुम्हाला सांगणार नाही. माणूस आयुष्यात घर एकदा, फार तर दोन-तीनदा घेतो. म्हणून फसवणाऱ्या एजंटाकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येत नाही याचा त्याला फटका बसतच नाही, कारण ते कोणाकडेच इतक्यात येणार नसते. त्यामुळे काही व्यवहार तुमच्या हातून जातील, आणि ते तुमच्या चुकीमुळे गेले असे मानू नका. एजंटांचे आपापसातले व्यवहार मात्र वर्षानुवर्षे, महिन्याकाठी चालतात. कोण पार्टी फोडतो, कोण ठरलेली वाटणी देतो, कोण शब्द फिरवतो, हे तिथे लवकर कळते आणि लक्षात राहते. तुमच्या चांगुलपणाची किंमत आधी कळणार असेल तर ती गिऱ्हाइकांना नव्हे, इतर एजंटांना कळेल. तिथे लक्ष घाला: ठरलेली वाटणी वेळेवर द्या, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा नंबर मागू नका, आणि ते गिऱ्हाईक चुकून तुमच्याकडे आले तर त्या एजंटाला आधी फोन करा. हळूहळू चार जण आपली गिऱ्हाइके निर्धास्तपणे तुमच्याकडे पाठवू लागतील, आणि फोडाफोडी करणाऱ्याला ती मिळणार नाहीत. यासाठी कोणालाही बैठक घेऊन बहिष्काराचा ठराव करावा लागत नाही.

औपचारिक तक्रारीविषयी शेवटचे. एजंटांची नोंदणी आणि वर्तन यांसाठी अनेक देशांत स्वतंत्र कायदे व प्राधिकरणे आहेत. भारतात २०१६ चा स्थावर संपदा कायदा त्यासाठीच एजंटांनाही लागू केला गेला. तुमच्या ठिकाणी असे प्राधिकरण असो किंवा एजंटांची संघटना असो, तक्रार एकाच मुद्द्याची करा. माझ्या मते तो मुद्दा करार मोडायला लावल्याचा असावा, कारण तिथे तुमच्याकडे सही केलेला कागद आहे आणि मालक साक्षीला आहेत. अफवा, फोटो आणि दलालीची परतफेड हे सगळे त्यात कोंबले तर वाचणाऱ्याला कशाचाच पुरावा पुरेसा वाटणार नाही.

मात्र त्या साक्षीसाठी मालकांचे मन आधी मोकळे व्हायला हवे. करार मोडल्याबद्दल त्यांना ओशाळे वाटत असणार, आणि म्हणूनच ते तुमचा फोन टाळत असतील. त्यांना नुकसानभरपाईची नोटीस पाठवू नका. कायद्याने तो हक्क तुम्हाला असला तरी या वेळी तो बाजूला ठेवा. त्यांना एक छोटे पत्र लिहा: गेल्या काही महिन्यांत त्यांच्या परिसरात तशाच जागा प्रत्यक्ष कोणत्या किमतीला विकल्या गेल्या याची नोंद, तुमच्या मते आज मिळू शकणारी किंमत, आणि दुसऱ्या एजंटाशी त्यांनी काही करार केला असेल तर तो संपेपर्यंत तुम्ही मध्ये पडणार नाही याची स्पष्ट कबुली. हे शेवटचे वाक्य गाळू नका.